पौष वद्य सप्तमी

पूर ओसरल्यावर चिखलीत,
दूध संस्थेच्या मागच्या भिंतीपाशी
गाळातून वर आलेला एक दगड.
माथ्यावर चंद्र-सूर्य, खाली गाय-वासरू
आणि अठरा ओळी. सातच शाबूत.

मी ब्रशनं दगड धुतो, ओला कागद चिकटवतो,
थोपटतो, झोप न येणाऱ्या पोराला थोपटावं तसा,
मग शाईचा बोळा.
संस्थेचे सचिव वाकून बघतात,
"काय ल्हिवलंय ओ? सोनंबिनं हाय व्हय?"
मी म्हणतो, तेल आहे.
"त्याल?"
हो. घाण्यामागे रोज एक पळी, देवळातल्या दिव्याला.
देणारी होन्नलदेवी.
कानडी जुनी, कोरणारा घाईत.
ते हसतात, कॅन मोजायला निघून जातात.

मीही निघालो असतो.
तिथीनं अडवलं.
पौष वद्य सप्तमी, मंगळवार.
ना ग्रहण, ना संक्रांत, ना व्यतीपात.
अशा कोरड्या दिवशी पुण्य जोडायला कोण उठतं?

हीच तिथी, हाच शक
बारा वर्षांपूर्वी वाचला होता,
दूधगंगेपलीकडे, छप्पर उडालेल्या एका देवळात.
तिथंही तेल. तिथंही पळी.
देणारी मैलळदेवी.
एकमेकांची गुरं वळवून नेणारी, गावं जाळणारी
दोन घराणी,
त्यांच्या दोन राण्या,
आणि दोघींच्या बापाचं नाव एकच.

पुढचं दगडात नाही. पुढचं माझं.

संगमावर वाळूत कनात उभी.
नवरे आपापल्या तळावर, तलवारी परजत.
आत दोघी, मधे पानांचं तबक.
थोरली विचारते, आईचे गुडघे कसे आहेत?
म्हणजे: घाटाची जकात निम्मी सोडाल का?
धाकटी म्हणते, थंडीत फार ठणकतात.
म्हणजे...

नको. हे फार गोड होतंय. खोडतो.

दोघी व्यापाऱ्यासारख्या भांडल्या असणार.
मिठाचे बैल किती, घोडे किती,
ओलीस ठेवलेला दीर आधी सुटणार की जकात आधी.
मैलळदेवीनं एकदा तबक लाथाडलंही असेल.
पण हे सगळं पहिल्या प्रहरात मिटलं.
पुढचे दोन प्रहर गेले एकाच गाठीवर:
तुझ्या माणसाला हरल्यासारखं वाटता कामा नये,
माझ्याही.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर एक घोडा पाण्यात पाय आपटत होता.
मग होन्नला म्हणाली,
तू जाऊन सांग, मी पाया पडले.
मी जाऊन सांगते, तू पडलीस.

हसू आलं असेल दोघींना.
परकराच्या वयात एकीनं लोणचं चोरायचं
आणि दोघींनी मांजराचं नाव सांगायचं,
तसलं हसू.

आणि उद्या तुझ्या माणसानं शब्द मोडला तर?
मोडेल. पुरुषांचे शब्द मोडतात.
तू तुझ्याकडे दिवा लाव, मी माझ्याकडे.
मिठाचे तांडे दोन्ही देवळांत टेकतात.
माझा दिवा विझल्याचं त्यांच्या तोंडून कळलं
की तुझी गुरं आत घे, वेस लाव.
त्याच्या आधी नाही.

म्हणून तो मंगळवार. थांबायला सवडच नव्हती.
म्हणून ते घाईचं अक्षर.
भाटांनी दोन्हीकडे विजय गायला असेल.
तहाचा ताम्रपट कुठंच सापडलेला नाही.
मी म्हणतो, तो कुणी लिहिलाच नव्हता.

कागद सुटतो. काळ्यावर पांढरी अक्षरं.
सचिव परत येतात, हातात चहाचे दोन कप.
"मग त्या त्यालाचं काय झालं शेवटाला?"
म्हणजे दिवा किती दिवस जळला.
ते आठव्या ओळीत असेल, मी सांगतो.

आठव्या ओळीवर बोट फिरवून बघतात ते.
गुळगुळीत, खोलगट, पन्हळीसारखं.
"हितं आमचा आज्जा कोयत्याला धार लावायचा,"
म्हणतात,
आणि कप दगडावर ठेवता ठेवता
हात मागे घेतात.