मिठाला जागलेली

शिगेको कालवं फोडते, माट्सुशिमाच्या धक्क्यावर.
यंदा सुरी हातातून गळू लागली,
रक्तदाब चढलेला.
सगळ्यांनी मिठाकडे बोट दाखवलं.
तिनं मिसोचं सूप सोडलं, लोणची सोडली.
दारातल्या समुद्राला काय सांगणार?

सेंदाईच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवली
डाव्या मूत्रपिंडावरची वाटाण्याएवढी गाठ:
खाल्ल्या मिठाला इतकी जागणारी
की कणभर बाहेर सोडत नव्हती.

पालथं झोपवलं. पाठीतून एकच सुई,
टोकाला आच.
मध्येच रक्तदाब उसळला, कुणी "थांबा" म्हणालं.
थांबले.
मग उरलेली सहा मिनिटं.

पाठीवर चिकटपट्टी.
नवरा म्हणाला, एवढंच?

मार्चमध्ये तिनं एका झटक्यात कालव उघडलं,
शिंपल्यातलं पाणी प्यायली,
आणि कितीतरी वेळ
जिभेवर तसंच ठेवून बसली.