जमून राहिले

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या,
रामबागेच्या शाखेत, जाळीच्या आत.
खोटी नोट अंगठ्याला कळायची,
डोळ्यांच्या आधी.
गर्दी नसली की विड्रॉवल स्लिपांच्या कोऱ्या पाठीवर
टिपून ठेवायची आपलं बोलणं, इथलं, इंदूरचं,
जे ऐकून पुण्याचे पाहुणे
रुमाल तोंडाशी धरतात:
'मी येऊन राहिले', 'मला जाणं आहे',
'तो केव्हाच चालला गेला'.
दोन हजार तीनशे अकरा स्लिपा.
बुटांचे चार खोके.

छापायला दोन लाख चाळीस हजार.
वरच्या खोलीतला प्रियांश मालू म्हणाला,
आंटी, लोकांकडून जमवा ना, नेटवर.
पान त्यानंच केलं. फोटो माझा, चष्म्याशिवाय.
अठरा दिवसांत साडेसातशे:
पाचशे नणंदेचे,
दोनशे प्रियांशचे,
पन्नास 'एका हितचिंतका'चे,
ते पैसे जातात का बघायला मीच टाकलेले.

मग म्हणाला, भोंगा लागतो, आंटी.
भोंगेवाले भाड्यानं मिळतात.

पहिला कोणी बूस्ट-सम्राट.
रात्री अठराशे घेतले,
सकाळी पोह्यांवर शेव भुरभुरावी तसे
माझ्या फोटोवर चार हजार बदाम.
लाल. सगळे एका मापाचे.
मी त्यांच्यावरून अंगठा फिरवला.
काच लागली.

दुसरी मेरिबेल, फिलिपिन्सची, इलोइलो गावची.
चारशे रुपयांत पाच अभिप्राय, पाच नावांनी.
आपल्याकडे साडेअकरा, तिच्याकडे दोन वाजलेले,
तिचा निरोप आला:
मॅडम, मला हे पुस्तक फार आवडलं असं लिहायचंय.
मला काय आवडलं?

प्रियांश झोपलेला.
मी कॅशियरच्या इंग्रजीत, एकेक अक्षर शोधत,
सांगितलं 'होऊन राहिलं' म्हणजे काय:
झालं नाही, पण थांबलंही नाही,
माणूस त्यात बसलेला आहे.
तिकडे तीन ठिपके हलत राहिले, बराच वेळ.
मग: मॅडम, तुम्हीच लिहा ना. नावं मी लावते.

लिहिलं.
देवासच्या निवृत्त मास्तरांच्या तोंडून स्तुती केली,
नागपूरच्या नव्या सुनेच्या तोंडून केली,
एकाला मुद्दाम कुरकुरा केला, 'किंमत जरा जास्त',
तो मेरिबेलनं परत पाठवला,
नाराज माणूस पॅकेजमध्ये बसत नाही म्हणाली.
त्याला खूश केला.
पाचव्याला मात्र काही सुचेना,
तेव्हा खरं तेच लिहून टाकलं:
एम. वाय. हॉस्पिटल, शेवटची रात्र,
बाबा मला म्हणाले,
मी चालला जाईन सकाळी, तू झोपून घे.
व्याकरणवाल्यांना या वाक्यात दोन चुका सापडतील.
मला नाही सापडत.

ते छापून आलं
'रीना डिसूझा, मडगाव' या नावाखाली.

तीन दिवसांनी एकशे एक रुपये जमा. खंडव्याहून,
कोणी सदाशिव हरणे.
खाली ओळ: रीनाताई, आमचे भाऊही असंच म्हणायचे.
तुमच्या वडिलांना नमस्कार.

मी ती रक्कम किती वेळ बघत बसले.
नमस्कार खरा. रीना खोटी.
वडील माझे. पैसे रीनाच्या भरवशावर आलेले.
बँकेत असते तर वर उजेडाकडे धरली असती,
साहेबांना हाक मारली असती.
इथे कुणाला मारायची?
खात्यात घेतले. वहीत हिरव्या शाईनं लिहिले,
म्हणजे केव्हातरी उलगडा करता येईल.

प्रियांश जिन्यातून ओरडतो,
किती झाले, आंटी?
खोक्यावरचं झाकण मी बोटानं दाबते,
ते पुन्हा उचकतं.
जमून राहिले, म्हणते,
जमून राहिले.