काठ

वडगावात यंत्रमागांच्या वरच्या माळ्यावर
आमचं नकाशांचं ऑफिस.
खालून खटक-खटक चढत राहते फरशीतून टाचांत,
आणि मी पडद्यावर
न पाहिलेल्या चिखलातली
न पाहिलेली झाडं मोजते.

कांदळवन. खाडीच्या तोंडचं.
समुद्र इथून घाट उतरून पुढं.
मी तो एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत,
तेही लाटांकडे पाठ करून,
फोटोसाठी.

विमानातून किरण सुटतो.
शेंड्याला आपटून थोडा लगेच परततो,
थोडा पानांच्या फटीतून उतरतो,
चिखलाला शिवून मागाहून येतो.
दोघांच्या येण्यात जेवढं अंतर,
तेवढं झाड उंच.
उशिरा येणारा खोल जाऊन आलेला असतो,
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तीन मीटरच्या आतलं पिवळं,
सहापर्यंतचं पोपटी,
त्यावरचं गर्द.
जिथून नुसता चिखलच परतला
तिथं राखाडी.
राखाडी भरताना हात जड होतो.
अहवालात त्याला रकाना नाही.

शेजारी विनुता, धारवाडची.
तिच्या नकाशावर नावं कन्नडमधून, माझ्यावर मराठीतून.
मी ऐन म्हटलं की ती मत्ती म्हणते,
बिबळा म्हटलं की होन्ने.
पाट्यांवरच्या अक्षरांसाठी फुटलेल्या काचा
आम्ही दोघींनी झाडल्यात,
वेगवेगळ्या गावांत.
त्या दिवशी मी म्हटलं, कांदळ.
ती म्हणाली, कांडला.
आणि दोघी माऊस सोडून
एकमेकींकडे बघत राहिलो.

मग तिनंच दाखवलं:
राखाडी समुद्राकडून नाही वाढलेलं,
वरच्या अंगानं वाढलंय.
गोडं पाणी कमी पडतंय काय गं?
ही नदी येते कुठून?
मी म्हटलं, आमच्याच खानापुराकडून की.
म्हटलं खरं,
पण तिथंही मी कधी गेले नव्हते.

रविवारी जांबोटीच्या पुढं उतरलो.
सॅकमध्ये टेप, मीठ, जळवांसाठी तंबाखूची पुडी.
लुमाण्णा गावडा कोयता घेऊन पुढं,
कारवीतून वाट काढत, एक शब्द न बोलता.
मग एका दगडापाशी थांबला.
दगडाखालून पाणी येत होतं,
रुंदी चार बोटं.
मी टेप काढला, परत ठेवला.
बोटंच बरी.

"काय बघायलाय बाई एवढं?"
"हे कुठं जातं, मामा?"
"खाली."
"खाली म्हणजे?"
त्यानं कोयत्याची धार अंगठ्यावर पाहिली.
"खालच्या माणसांकडं. आणि कुठं?"

विनुतानं ओंजळ भरली,
प्यायली नाही, परत सोडली.
मला वाटलं ती काही म्हणेल.
तिच्या पायावर जळू चढली होती, तिला पत्ता नव्हता.

रात्री बाबांना विचारलं,
काठ वेगळा विणता ना तुम्ही?
"धोटा वेगळा. ताण एकच.
काठ ढिला पडला की मधलं कापड सुरकुततं,
मग पदर कितीही भरजरी असू दे."
त्यांना वाटलं मी साडीचं विचारतेय.
मी तसंच वाटू दिलं.

सोमवारी साहेब म्हणाले,
आपलं काम खाडीपुरतं. चौकट ठरलेली आहे.
बरोबर आहे.
जपायची झाडं चौकटीतच आहेत.

मी चौकटीच्या वरच्या कडेला
दुसरा कागद चिकटवला.
या प्रमाणात चार बोटं दिसतच नाहीत,
सगळ्यात बारीक रेघसुद्धा
त्या पाण्याहून कितीतरी जाड.
तरी ओढली.
विनुतानं तिच्या बाजूनं नाव लिहायला घेतलं
आणि खाली कुणीतरी माग बंद केला, जेवायला.