येडशीच्या घाटात दोन रविवार

पर्याय दोनच,
आणि उत्तरसूची कुठल्याच प्रकाशनानं काढलेली नाही.

बारा वर्षं लातुरात भौतिकशास्त्र शिकवते मी.
साडेसहाची बॅच, एकशे चाळीस पोरं,
चारांतला एक गोल रंगवा, चुकलात तर एक गुण वजा.
वळणावरची गाडी फळ्यावर हजारदा काढली असेल:
एक चौकोन, खाली दोन गोळे,
आत कोणी बसलेलं नाही.

तांबडी नांदेडची. टर्बो, पुढच्या चाकांनी ओढणारी,
चार माणसं बसतात, डिकीत गॅसची टाकी मावते.
सव्वासात लाख. शून्य ते शंभर, आठ पूर्णांक एक.
पांढरी संभाजीनगरची. दोन दारं, दोनच जागा,
मागून ढकलणारी, अकरा वर्षांची,
छपराच्या रबरातून पाणी येतं
हे मालकानं आपणहून सांगितलेलं.
साडेसहा लाख. आठ पूर्णांक सात.

शून्य पूर्णांक सहा सेकंद.
तेवढ्यात शेळी एक कान वळवते.
तेवढ्यासाठी तीन महिने
हजेरीपटाच्या मागच्या पानावर मी टॉर्कला वजनानं भागत होते,
वजनात माझे चौसष्ट किलो धरून,
मग प्रामाणिकपणे सदुसष्ट.

"स्थळ बघताना इतकं बघितलं होतं का?"
रसायनच्या बिडवे सरांनी विचारलं.
नव्हतं.
म्हणून तर.

पहिल्या रविवारी तांबडी. शेजारी इलियास मिस्त्री,
त्यानं काच खाली केली, रेडिओ बंद केला,
तोंडातली सुपारी फिरवणंही थांबवलं.
तिसऱ्या वळणावर मी ब्रेक उशिरा दाबला.
समोर पिवळा दिवा लुकलुकला
आणि सगळं सरळ झालं,
जसा एखादी आई रात्री जागून
पोराचा प्रकल्प स्वतःच पुरा करते.
मला कळलंच नाही मी किती चुकले ते.

दुसऱ्या रविवारी पांढरी. तेच वळण,
तीच माकडं कठड्यावर.
पाय लवकर उचलला मी,
मागचा भाग चार बोटं सरकला
आणि स्टिअरिंग तळव्यात बोललं:
इथं चुकलीस. एवढी चुकलीस. आता सावर.
सावरलं, तर गाडीनं
पायऱ्यांचे गुण दिले.

"तांबडीला समदं येतंय, मॅडम," इलियास म्हणाला.
बराच वेळ काहीच नाही. मग,
"हिचं क्लचचं काम निघंल. अठरा हजार."

परतताना मुरूडच्या गतिरोधकावर
पांढरी पोटावर टेकली.
मागं पाण्याचा टँकर. हॉर्न नाही वाजवला त्यानं,
ड्रायव्हर उतरून आला, वाकून खाली बघितलं:
"तिरकी घ्या ताई, तिरकी. उजवं चाक आधी."
हॉटेलातली अर्धी माणसं चहा घेऊन बाहेर,
प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला.
डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक म्हातारी थांबली.
"इतकी बुटकी? आन बाकीची माणसं कुठं बसत्यात?"
"मागून येतील," म्हणाले मी.
ती खरंच मागं वळून रस्त्याकडं बघू लागली.

तिथंच, टँकरच्या सावलीत,
पंचवीस हजार टोकन पाठवलं.
इलियासनं सुपारी परत सुरू केली.

सोमवारी फळ्यावर चौकोन, दोन गोळे.
शेवटच्या बाकावरची औशाची मुलगी उभी राहिली:
मॅडम, आत डोकं काढलंय तुम्ही.
प्रश्नात ड्रायव्हर दिलेला नाही.
बरोबर आहे, म्हणाले. पुसलं.
वजनात मात्र धरा, सदुसष्ट.

रात्री तांबडीचा फोटो उघडला,
दोन बोटांनी मोठा केला.
टायर नवे आहेत.
चारही.