डोळा भरणे

शेंदूरजनाघाटात माझे हात तीस वर्षं हेच करतात :
जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा झाला
की वीतभर उंचीवर चीर द्यायची,
सालीत संत्र्याचा डोळा सरकवायचा,
वर पट्टी. घट्ट, पण गळा आवळल्यासारखी नको.
हजारात साठ मरतात.
तेवढे आधीच धरलेले असतात.

माझी भाची, प्रांजली अकर्ते,
तिनं माझ्याच शेडमध्ये दुसरा डोळा बनवला.
कॅमेरा. पट्ट्यावरून फळ सरकलं की सांगायचा
कोणतं रसाचं, कोणतं आतून कोरडं.

पहिले पैसेवाले विमानतळावरून थेट आले.
पांढरे बूट, पाठीवर पिशव्या.
उभ्या उभ्याच विचारलं, "देशात संत्री किती?"
मी म्हटलं, बाप्पा, खायची का मोजायची?
ते हसले नाहीत. त्यांना आकडा हवा होता.
तिनं सांगितला. मोठा होता.
त्यांनी दुप्पट करून लिहून घेतला.

पैसा आला तसं पुण्यात ऑफिस आलं,
भिंतभर संत्र्याचं चित्र आलं,
मार्केटात गाडीमागे फुकट मोजणी आली.
जितकं फुकट, तितकी कंपनीची किंमत वर.
वरूडच्या चहाटपरीवर पोट्टे
'व्हॅल्युएशन' म्हणू लागले,
सट्ट्याचा आकडा म्हणावा तसं.

मी एकदाच बोललो :
लहान झाडाची फुलं आम्ही खुडून टाकतो.
ती म्हणाली, "मामा, त्यांना फुलंच पाहायची आहेत."

मग एका वर्षी फोन उचलायचे बंद झाले.

आंबिया बहारासाठी डिसेंबरात आम्ही पाणी तोडतो,
झाड ताणावर सोडतो.
पानं पिवळी पडतात, माना टाकतात,
नवख्याला वाटतं, गेलं.
किती दिवस तोडायचं ते जमीन सांगते.
पण हे पाणी आमच्या हातानं तुटलं नव्हतं,
आणि जमिनीला कोणी विचारलं नव्हतं.

पुण्याचं ऑफिस गेलं. चौदा पोरं गेली.
हिशेबाचा जावेद गेला, जाताना कपाटाची किल्ली
कागदात गुंडाळून, वर नाव लिहून ठेवून गेला.
मोजणीला दर लागला, क्रेटमागे नव्वद पैसे.
अर्धी गिऱ्हाइकं तुटली.
उरलेल्यांची नावं मला पाठ आहेत.

तीन वर्षांनी एक बाई आली, नागपूरहून,
स्वतः गाडी चालवत.
बसायला खुर्ची मागितली. दोन दिवस उठली नाही.
आकडा विचारला नाही, वही मागितली.
"यांनी पैसे का थकवले? हे परत का आले?"
बंद पडलेलं यंत्र उघडायला लावलं.
झुणक्यावर कच्चा कांदा मागून घेतला
आणि जेवता जेवता सांगितलं,
तिच्या फंडातला पैसा सगळा परदेशचा नाही.
विम्याचा आहे, शिक्षकांच्या पेन्शनीचा आहे,
तुमसरच्या एका भातगिरणीवाल्याचाही आहे.

माझी बायको निवृत्त मास्तरीण.
वाढता वाढता तिचा हात थांबला.
म्हणजे कुठून कुठून वळसे घेत
आमच्याच पाटाचं पाणी
आमच्याच वाफ्यात?

"दहा वर्षं थांबू," बाई म्हणाली.
आठ म्हणाली असेल.
मला दहा ऐकू आलं.

परवा तिवस्याचा एक पोरगा आला, निनाद ठोंबरे.
तुरीच्या चुरीपासून काहीतरी करतो.
प्रांजलीनं आपला थोडा हिस्सा विकला होता,
त्यातले सात लाख कुठं लावावे, या विचारात होती.
पोरगा लॅपटॉप उघडून सांगू लागला,
देशात तूर किती, बाजार केवढा.
तिनं झाकण मिटवलं.
"ते राहू दे.
खुंट कोणता, ते सांग."

पोरगा गोंधळला. मग हळूहळू
आपल्या बापाच्या दालमिलबद्दल बोलू लागला.

मी खाली मान घालून पट्टी बांधत होतो.
चीर देताना कधी कधी सालीचा रस उडतो,
थेट डोळ्यात.