मोरचूद

तळं वर्लिननंच खणलं, कारखाना बंद पडला त्या साली,
भाड्याच्या बुलडोझरनं, तीन दिवसांत.
इंडियानातली चिकणमाती पाणी धरून ठेवते,
माझी सासू एखादं वाक्य धरून ठेवायची तशी,
वर्षानुवर्षं, थेंब गळू न देता.

बारा उन्हाळे त्यात आकाश होतं.
तेराव्याला शेवाळ.
आधी काठाला केसांसारखं,
मग भिजलेल्या घोंगडीसारखं.
जूनअखेर बदकं पाय न भिजवता पार गेली असती,
असं मी म्हटलं. त्याला हसू आलं नाही.

लांब दांड्याचं दाताळं घेऊन तो कमरेइतक्या पाण्यात.
ओढायचा, काठावर ढीग लावायचा,
ढीग उन्हात वास मारायचा,
रात्री पाऊस झाला की तेच परत तळ्यात.
मी खिडकीतून बघायचे.
चाळीस वर्षांच्या संसारात
काय बोलायचं नाही एवढं तरी कळतं.

तिसऱ्या वर्षी मोरचूद आणला.
निळे खडे, अंगठीत बसवावेत असे.
किती टाकायचं ते पिशवीवर लिहिलं होतं.
त्यानं ते वाचलं
आणि दुप्पट टाकलं.
दोन दिवसांत शेवाळ तपकिरी होऊन बुडालं.
त्या संध्याकाळी शीळ घालत त्यानं भांडी घासली.

पहाटे मासे वर आले.
आधी तोंडं, पाण्याच्या कातडीला चिकटलेली, हवा मागणारी.
दुपारी पोटं.
कुजणारं शेवाळ पाण्यातला श्वास पिऊन टाकतं
हे आम्हाला नंतर कळलं.
एकशे चौदा.
मोजायला कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
टोमॅटोच्या वाफ्यात पुरले.
त्या वर्षी टोमॅटो असे लागले की काठ्या मोडल्या,
चर्चमध्ये टोपल्या वाटल्या, चाळीस बरण्या भरल्या.
वर्लिननं एकही तोंडात घातला नाही.

मे महिन्यात जिल्ह्याच्या कचेरीतून एक पोरगी आली,
ओपल स्ट्रिकर, रबरी बूट, खिशात काचेची बाटली.
पाणी भरून घेतलं, पण बघत होती भलतीकडेच:
घरापासून तळ्यापर्यंत उतरत गेलेल्या
आमच्या हिरवळीकडे.
"खत घालता?"
वर्लिन गप्प.
"किती?"
ती हिरवळ म्हणजे त्याची अब्रू होती हो,
रविवारी गाड्या हळू व्हायच्या बघायला.
वर्षाला चार पोती.
आणि प्रत्येक पावसात त्यातलं किती कोण जाणे
उतारावरून थेट शेवाळाच्या ताटात.
तीन उन्हाळे तो एका हातानं वाढत होता
आणि दुसऱ्यानं पान ओढून घेत होता.

ओपल रागावली नाही. म्हणाली,
काठापासून तीस फूट गवत कापू नका.
नुसतं राहू द्या.

राहू देणं! त्यापेक्षा विष सोपं होतं.

ईनोस ग्रेबर त्याच्या घोडागाडीतून जवाचा पेंढा घेऊन आला,
कांद्याच्या जाळीदार पोत्यांत भरून आम्ही तो तळ्यात तरंगत सोडला.
उपयोग होतो म्हणतात. झाला असेल.
पैसे घेतले नाहीत त्यानं, टोमॅटोच्या सहा बरण्या नेल्या.
ते टोमॅटो कशावर पोसले ते मी सांगितलं नाही.

जूनमध्ये गवत गुडघ्याला, जुलैत लव्हाळे, पाणकणसं,
आणि कसलंसं जांभळं फूल,
नाव दोघांनाही येत नाही.
गवत कापायचं यंत्र तिथवर यायचं
आणि थांबायचं. इंजिन चालू,
वर्लिन वर बसलेला, कुणाच्या तरी अंगणाबाहेर
बोलावण्याची वाट बघत असल्यासारखा.
चर्चच्या पायरीवर डोरीननं मला बाजूला घेतलं:
वर्लिनची तब्येत बरी आहे ना?
गवत फार वाढलंय, म्हणून विचारलं.

शेवाळ गेलं असं नाही.
पूर्वेच्या कोपऱ्यात चटईएवढं आहे,
त्यावर एक बेडूक, सातबारा त्याच्याच नावावर असल्यासारखा.
दाताळं गॅरेजात टांगलंय.
दातांत अडकलेलं जुनं शेवाळ वाळून राखाडी झालं होतं, लोकरीगत.
एप्रिलमध्ये एका पाखराला ते सापडलं,
चोच चोच करत घरट्याला नेलं त्यानं.
आठवडाभर वर्लिननं गॅरेजचं दार लावलं नाही.