पंधरा अँपिअरचा पॉइंट

फैयाज वायरमन विचारतो, चोगलेकाका, पॉइंट कुठे काढू?
मी म्हणतो, काढ कुठेतरी, अजून काही ठरलेलं नाही.

ठरलेलं नाही हे खरं आहे.
पिकप उंडीखाली उभी आहे, एकोणीस वर्षांची,
फाळका तिसरा, पाटे चौथे, रेडिओ पहिल्यापासून मुका.
मासळीचं पाणी गळून गळून
चासी अशी झालीय की बोट दाबलं तर पापुद्रा येतो,
शिळ्या भाकरीचा यावा तसा.
दर मे महिन्यात खालून काळं ऑइल फासतो.
मिठाला काय, तेही जेवण.

हर्णैच्या पाजेवर लिलाव सुटला की
बर्फ मारून चाळीस टप भरायचे,
आसूदचा चढ दुसऱ्या गिअरात.
माझ्या येण्याची वर्दी इंजिनच देतं.
गिम्हवण्याच्या वळणावर घरघर ऐकून
सुलभा उतेकर टोपली घेऊन फाटकात येते,
तिच्याआधी तिची तीन मांजरं.
बिनआवाजाची गाडी घेतली
तर मांजरांना कोण सांगणार?

लेक हिशेब मांडते. प्रणोती, चिपळूणला बँकेत असते.
किलोमीटरला इतके वाचतील, वर्षाला इतके,
सहाव्या वर्षी गाडी स्वतःला फेडेल.
आकडे बरोबर आहेत.
तिच्या कॉलेजची फी मी खेडच्या फेऱ्यांत मोजली होती,
त्या फेऱ्या तिच्या कागदावर कुठेच नाहीत,
असू देत.

वादळाच्या वर्षी पोफळी झोपल्या, खांब झोपले,
चोवीस रात्री आळीत लाईट नव्हती.
तेव्हा हिचंच बॉनेट उघडून
सगळ्या आळीचे मोबाईल चार्ज केले आम्ही,
रांगेनं, माणशी अर्धा तास.
आता तीच आळी मला विचारते,
लाईट गेली तर तुझी नवी गाडी काय खाणार, हरेश्वर?
माझ्याकडे उत्तर नाही.

बाबांची बैलगाडी होती.
पोटभर पाण्यात होड्यांपर्यंत जायची,
मासळी घेऊन परत वाळूवर.
मी पिकप आणली त्या वर्षी एक बैल विकला.
दुसरा, खैऱ्या, कुणी घेतला नाही.
लिलावाची वेळ झाली की तो आपसूक उठायचा,
दाव्याला ताण द्यायचा.
बाबा काही न बोलता त्याला सोडत,
पाण्यापर्यंत नेत, गुडघे भिजवून परत आणत.
दोघं वाटेत आले की मी हॉर्न वाजवायचो.

शनिवारी चिपळूणला चालवून बघितली.
शोरूमचा पोरगा शेजारी, कडक इस्त्रीचा शर्ट.
मागे वाळूची पोती टाक म्हटलं, रिकामी काय बघायची.
चढली. धाप नाही, कुरकुर नाही.
माझा डावा हात अख्खा घाट गिअर शोधत होता,
शेवटी मांडीवर गप ठेवला.

परतीच्या उतारावर पाय उचलला
तर पडद्यावरचा आकडा वाढायला लागला.
बिघडली का रे?
नाही काका, उतारावर भरते ती.
मी गाडी कडेला घेतली.
सत्तावन्न वर्षं झाली मला,
उतारावर काही परत मिळतं
हे आजवर कुणी बोललं नव्हतं.
परत एकदा वर नेऊन खाली आणू का, विचारलं.
पोरगा घड्याळ बघून हो म्हणाला.

फैयाज भिंतीवर पेन्सिलीनं फुली मारतो.
जरा वर घे, म्हणतो मी, खारं वारं खालून येतं.
आणि वायर लांब ठेव.
किती लांब?
शेवग्यापर्यंत पोचली पाहिजे. आली तर तिथे लागेल.
इथे उंडीखाली का नको, सावली आहे की?

मी पिकपकडे बघत नाही.
ती जागा भरलेली आहे, म्हणतो.